रफूताईचा कडू थेंब

लाँड्रीच्या खिडकीशी बसून रफू करणाऱ्या त्या बाईला आजूबाजूच्या चार गल्ल्या 'रफूताई' म्हणूनच ओळखत. सिगारेटने जळलेला कोट असो की उंदराने चाखलेली शाल, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतले धागे उपसून ती भोक असं बुजवी, की गिऱ्हाईक कपडा उलटासुलटा करून विचारी, "अहो, भोक होतं कुठे?" हीच तिची पदवी. मुलीचं लाडाचं नावसुद्धा तिने 'गुंडी' ठेवलं होतं. गुंडी साडेतीन महिन्यांची, गुबगुबीत, आणि आईच्या दुधाशिवाय कशालाही तोंड न लावणारी.

अशा बाईला काचबिंदू निघाला. डोळ्यांतला दाब वाढलाय, रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घाला, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांनी दम्याचं विचारलं, हृदयाचं विचारलं, बाळाचं विचारायचं राहिलं. हिनेही सांगितलं नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात दुधाची गोष्ट कशाला काढायची?

तीन आठवडे बरे गेले. मग एका सकाळी थेंब घातला आणि घशात कडू लागलं. रफूताई जागीच थिजली. डोळ्यात घातलेलं घशात उतरतंय! म्हणजे पोटात, म्हणजे रक्तात. कुठला धागा कुठून शिरून कुठे निघतो हे पाहण्यात जिचा जन्म गेला, तिला पुढचा टाका दिसायला कितीसा वेळ? म्हणजे दुधात! बाटलीसोबतच्या कागदावरही मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: अंगावर पाजणाऱ्या मातांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि गुंडी नेमकी त्याच दिवशी जास्त झोपली.

थेंब बंद. कुणालाही न सांगता. सासूबाईंची नजर बाटलीवर असायची, म्हणून दोन्ही वेळचे थेंब इमानेइतबारे बेसिनमध्ये पडू लागले. बेसिनला काचबिंदू असता, तर तो तेवढ्यात आटोक्यात आला असता.

नवव्या दिवशी दुकानात तिने एक करडा कोट उचलला. चिठ्ठी होती : 'डाव्या कोपराला भोक.' तिने कोपर पाहिलं. भोक दिसेना. चष्मा पुसला, कोट उजेडात धरला, बोट फिरवलं. नाहीच. गेले डोळे! हातातली सुई खाली पडली आणि ती उचलायचंही तिला सुचलं नाही. गुंडीचा चेहरा आता किती दिवस दिसणार, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

कोटासकट धावत घरी येऊन तिने सासूबाईंपुढे सगळं ओकलं.

"अगं, नऊ दिवस बेसिनला औषध पाजत होतीस?" सासूबाईंनी गुंडीला खांद्यावर टाकलं. "चल आधी. रडायचं ते रिक्षात रड."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. नजर शाबूत होती, दाब मात्र चढला होता.

"काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, बाई. थेंब असे मनाने बंद करतात का?"

"मग काय करू? दुधातून हिच्या पोटात जातं ना ते?"

तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंचं लक्ष खांद्यावरच्या गुंडीकडे गेलं. "ही तुमची? अंगावर पिते? हे तुम्ही सांगायला हवं होतं. आणि मी विचारायला."

त्यांनी बाळाच्या डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ बोलून त्यांनी औषध थोडं बदललं. "दुधात उतरतं ते अगदी थोडं. पण तेही कमी करता येतं. आधी हिला पाजा. मग थेंब घाला, डोळा मिटा आणि नाकाजवळचा हा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवा. घशाकडची वाट तिथूनच जाते. बाहेर ओघळलं तर पुसून टाका. बाळ फार सुस्त वाटलं, पिईना झालं, श्वास वेगळा वाटला, तर लगेच फोन."

घरी जाताना कोट परत द्यायला दोघी लाँड्रीत शिरल्या. "काका, मला भोक दिसलंच नाही," रफूताई पडेल आवाजात म्हणाली.

लाँड्रीवाले काका म्हणाले, "दिसेल कसं? काल तूच बुजवलंस की! चिठ्ठी काढायची तेवढी राहिली."

सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. रफूताईला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडीला पाजून तिने थेंब घातला आणि कोपरा दाबून धरला. सासूबाईंनी एकशेवीसपर्यंत मोठ्याने आकडे मोजले. रफूताईने आवंढा गिळून पाहिला. कडू लागलं नाही. पण गुंडी झोपली ती झोपलीच. अर्धा तास झाला, तास झाला. रफूताईने नाकाशी बोट धरलं, छातीला कान लावला आणि शेवटी न राहवून तळपायाला गुदगुल्या केल्या.

गुंडीने घर डोक्यावर घेतलं.

"झोपलेल्या पोरीला उठवलंस, अवदसे!" सासूबाई आतून ओरडल्या.

रफूताईने तिला घाईघाईने पदराखाली घेतलं. गुंडी रागारागाने, चांगली जोर लावून पिऊ लागली. रफूताई तिचा एकेक घोट मोजू लागली.