सप्टेंबरच्या तळ्यापलीकडे

मुबारकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी खुटबावला एका साखरपुड्याच्या पंगतीत बसलो होतो. ताट वाढून झालं होतं. पलीकडून पुतण्या सांगत होता, "नाना, मुबारकभाई टेलर गेले. चार-साडेचारला माती हाय, लगीच निघा." मी "निघालोच" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि जेवायला बसलो. वाढलेलं ताट, पाहुण्यांचा मान... कारणं काय, हात पुढे केला की मिळतात. जेवण झालं, पान झालं, मग गाडी शोधली. नदी ओलांडून तळेगाव ढमढेऱ्यात पोचलो तर माणसं कब्रस्तानातून हातांची माती झटकत परत येत होती. मुबारकभाईंचा मुलगा आसिफ समोरून आला. मला बघून थांबला आणि म्हणाला, "बसा नाना, दमला असाल." त्याचे वडील गेले होते आणि दमलो मी होतो! त्या मातीला न पोचलेल्या माणसानं हा लेख कोणत्या तोंडानं लिहावा, हा प्रश्न मला पडला आहे. पण सात वर्षं जे त्यांच्याजवळ बोललो नाही, ते निदान इथं तरी बोलावं म्हणून बसलो आहे.

मुबारकभाई शाळेत माझ्या पुढे दोन वर्षं. चौथीनंतर ते वडिलांच्या दुकानात मशीनवर बसले आणि मी आमच्या गोठ्यात. पुढे मी दूध संस्थेच्या राजकारणात शिरलो, तालुक्याच्या संघावर संचालक झालो, तरी बाजारच्या दिवशी माझी जागा त्यांच्या दुकानातल्या बाकावर ठरलेली असायची. माझ्या लग्नाचा कोट त्यांच्या वडिलांनी शिवला, त्यानंतरचं अंगावरचं प्रत्येक कापड मुबारकभाईंनी. माणूस मऊ, पण मापाच्या बाबतीत महाकडक. कमरेला टेप लावला की मी सवयीनं पोट आत ओढायचो. ते टेप तसाच धरून शांतपणे उभे राहायचे. "सोडा नाना, श्वास सोडा. माझ्यापुढं आत घ्याल, पर जेवायला बसल्यावर बटनाला काय सांगाल?" बाकावरची माणसं हसायची, मीही हसायचो. माणूस कुठं आत ओढून उभा आहे हे त्यांच्या बोटांनाच कळायचं. हे मी तेव्हा नीट लक्षात ठेवायला हवं होतं.

त्यांच्या मशीनसमोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. चौऱ्याण्णव साली सुटिंगच्या कापडाच्या एजंटानं दिलेलं, बारा महिन्यांची बारा चित्रं, सगळी स्वित्झर्लंडची. साल संपलं, पण कॅलेंडर खाली उतरलं नाही. दर महिन्याला ते पान उलटायचे. तारीख-वाराशी त्यांना कर्तव्य नव्हतं. चित्राखालची इंग्रजी नावं त्यांनी आसिफकडून वाचून घेतली होती, पण बोलताना ती गावं महिन्यांच्याच नावानं यायची. जानेवारीचं गाव म्हणजे खिडक्यांपर्यंत बर्फात बुडालेलं, एप्रिलचा पूल म्हणजे ज्याच्यावरून लाल रेल्वे जाते तो, जूनचा डोंगर गळ्यात घंटा बांधलेल्या गाईंचा, ऑगस्टचा धबधबा कड्यावरून सरळ गावातच पडणारा. लग्नाचा सूट शिवायला आलेल्या नवरदेवाला ते प्रवासाचा बेतच आखून द्यायचे. "आधी एप्रिलच्या पुलावरून जायचं. जूनला मुक्काम. धबधबा सकाळच्या पारी बघायचा. आन् शेवटी सप्टेंबर, तिथं घाई करायची न्हाई." नवरदेव बिचारा महाबळेश्वरला जाणार असायचा, तोही मान डोलवायचा.

सप्टेंबरच्या चित्रात एक तळं होतं. हिरवंनिळं पाणी, मागे पांढरे डोंगर आणि काठानं लाकडी कुंपणाच्या बाजूनं जाणारी एक पायवाट. ती वाट चित्राच्या डाव्या कडेला एका मोठ्या खडकामागे वळायची आणि तिथं कागद संपायचा. मुबारकभाईंचा सगळा जीव त्या वळणात अडकला होता. काजं-बटणं करता करता ते मान वर करायचे, बघायचे आणि पुन्हा खाली घालायचे.

दोन हजार एक साली आमच्या संघाचा अभ्यास दौरा स्वित्झर्लंडला निघाला, तिकडच्या गाई आणि दुधाचे कारखाने बघायला. यादीत माझं नाव आलं. मुबारकभाईंना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. जाड लोकरीचा कोट त्यांनी आठ दिवसांत शिवला, आतून दुहेरी अस्तर लावून. कोट अंगावर घालून खांदे नीट करत असताना आतल्या खिशात एक चिठ्ठी सरकवली. तिच्यावर आसिफच्या अक्षरात त्या तळ्याचं नाव होतं. "नाना, मला काय आणू नका. चाकलेट न्हाई, घड्याळ न्हाई. फकस्त ती वाट वळती ना, तिथून पुढं काय हाय तेवढं बघून या. माझ्या डोळ्यांनी बघतोय असं समजून बघा." मी म्हणालो, "एवढंच ना? तुमच्या नावानं दोनदा बघतो."

आणि तळं खरोखरच आमच्या वाटेवर निघालं. टूरच्या कागदावर नाव दिसलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! पण त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता, पावसात मधूनच बर्फाची भुरभुर. गाडी एका मोकळ्या जागेत थांबली. आमच्याबरोबरची टूरची मुलगी म्हणाली, "तळं त्या खडकाच्या पलीकडे आहे, चालत पाच मिनिटं. वीस मिनिटांत परत या." काही जण छत्र्या घेऊन उतरले. आम्ही चौघे मागच्या सीटवर रमी खेळत बसलो होतो. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी मधोमध उघडलेली, काचांवर वाफ धरलेली. माझा डाव लागायला एकच पान हवं होतं. म्हटलं, हे एवढं लागू दे, मग उतरतो. ते पान आलं नाही. मग पुढचा डाव वाटला गेला. बाहेर एक पिवळी टपरी होती, तिथं कोणीतरी कॉफी पीत होतं, एवढं काच पुसून मी बघितल्याचं आठवतं. मंडळी परत आली, गाडी सुटली. संध्याकाळी येताना पुन्हा थांबेल अशी मी माझी समजूत घातली. संध्याकाळी गाडी दुसऱ्याच रस्त्यानं गेली. मुबारकभाईंचा कोट माझ्या अंगावर होता आणि चिठ्ठी खिशात.

परत आलो तो नेमका बाजारचा दिवस. दुकानात सात-आठ माणसं. मला बघताच मुबारकभाईंनी मशीन थांबवलं. सगळ्यांदेखत विचारलं, "बघितलं?"

मी म्हणालो, "बघितलं."

"काय हाय?"

खरं सांगायला काय लागलं असतं? 'चुकलो, पत्ते खेळत बसलो' म्हटलं असतं तर शिव्या घालून चहा पाजला असता. पण त्या माणसांसमोर, परदेश पाहून आलेल्या संचालकाच्या तोंडून ते निघेना. मी म्हणालो, वळणापलीकडे एक दगडी घर आहे. लाल दार. दारापुढे बाकावर एक म्हातारा बसतो. "काय करतो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "शिवत होता... कोट शिवत होता." खोटं बोलणारा माणूस समोरच्याला आवडेल तेच वाढतो. मुबारकभाईंचे डोळे भरून आले. फोटो मागितला तेव्हा मी कॅमेऱ्याचा रोल जळाल्याचं सांगितलं, म्हणजे एका खोट्यावर दुसरं.

पुढच्या बाजारी गेलो तर भिंतीवर नवीनच प्रकार. कॅलेंडरची डावी कड जिथं संपते, तिथून पुढे त्यांनी कापडावर खुणा करायच्या खडूनं वाट वाढवली होती. पांढऱ्या खडूनं कुंपण, मग घर, घराला लाल दार, दारापुढे बाकावर म्हातारा. चित्र काही फार चांगलं नव्हतं, म्हाताऱ्याचं डोकं त्याच्या पोटाएवढं झालं होतं. त्या दिवसानंतर त्या दुकानात ऑक्टोबर आलाच नाही. गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "तिथंबी आपलाच भाऊबंद बसलाय. नानांनी सोताच्या डोळ्यांनी बघितलंय, इचारा." आणि गिऱ्हाईक खरंच माझ्याकडे बघायचं. मी मान हलवायचो. दर वेळी ती मान जड होत गेली. मग मी बाकावर बसणं कमी केलं. नंतर पेठेतून जाताना पलीकडच्या बाजूनं जाऊ लागलो. पुढे शिरूरला तयार कपडे घ्यायला लागलो, मुलं म्हणतात तेच बरं दिसतं, असं लोकांना सांगून. पन्नास वर्षांची मैत्री मी पत्त्याच्या एका पानापायी घालवली आणि दोष मात्र मनातल्या मनात त्यांच्या त्या भिंतीला देत राहिलो. लाज वाटली की माणूस ज्याची लाज वाटते त्याच्यावरच चिडतो, हे मला या वयात कळलं.

शेवटची भेट झाली ती ते जाण्याच्या महिनाभर आधी. दम लागत होता, दुकानामागच्या खोलीत खाटेवर टेकून बसले होते. मी सफरचंदं घेऊन गेलो. आजाऱ्याकडे जाताना नेतात तशी, परक्यासारखी. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ते म्हणाले, "नाना, एक इचारायचं राहिलं व्हतं... त्या घराचं दार कुठल्या रंगाचं व्हतं?"

सात वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं ते मला आठवेना. भिंतीकडे तर मी कितीतरी दिवसांत बघितलंच नव्हतं. "निळं," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. कमरेला टेप लावून उभे राहायचे ना, अगदी तसे. मी श्वास सोडायची वाट बघत. मी सोडला नाही. "निळं व्हय..." ते म्हणाले, "बरं झालं इचारलं." आणि आतल्या बाजूला तोंड करून चहा टाकायला सांगितला. घरी येताना रस्त्यात मला आठवलं की दार लाल होतं. परत फिरावं असं वाटलं... फिरलो नाही.

मुबारकभाईंच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर आठवड्याभरानं मी दुकानात गेलो. आसिफ मशीनवर होता, बाकावर कवठे येमाईचे एक आजोबा पायजमा शिवून मिळायची वाट बघत बसले होते. आसिफनं मला बसवलं आणि वडिलांची मापाची वही काढून आणली. माझ्या नावाच्या पानात दोन फोटो होते. तो म्हणाला, तीन वर्षांपूर्वी एमआयडीसीतल्या कारखान्याचे एक साहेब सूट शिवायला आले होते. कॅलेंडर बघून म्हणाले, अरे, इथं तर मी गेलोय, आणि पुढच्या खेपेला फोटो घेऊन आले. एका फोटोत सप्टेंबरचं तळं होतं, वाट, कुंपण, खडक, सगळं. दुसरा खडकाच्या पलीकडचा. त्यात घर नव्हतं. गाड्या लावायची मोकळी जागा होती, दोन बस उभ्या होत्या आणि एक पिवळी टपरी.

मुबारकभाईंनी मला जी जागा बघायला सांगितली होती, त्याच जागेत मी वीस मिनिटं बसून होतो. त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर होतं माझ्याकडे! वळणापलीकडे गाड्यांचा तळ आहे, पिवळी टपरी आहे आणि एका गाडीत तुमचा नाना पत्ते कुटतोय. हे सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते.

"म्हणजे त्यांना माहिती होतं," मी म्हणालो.

"व्हय नाना. त्या साहेबांना म्हणले, नानांनी बघितलं ते दुसरं वळण असंल. आन् मला ताकीद दिली, नानांजवळ कवाच बोलायचं न्हाई, त्यांना वाईट वाटंल." त्यानं वही मिटून ठेवली. मग म्हणाला, "तुम्ही शेवटचं येऊन गेला ना, त्याच दिवशी संध्याकाळी मला म्हणले, धरून ने मला दुकानात. आन् निळा खडू मागितला. मी म्हणलं, अब्बा, तिथं काय हाय ते आपल्याला ठावं हाय की. तर म्हणले, असू दे. नाना कवातरी दुकानात येतील, चार माणसं बसलेली असतील. त्यांच्यादेखत नाना खोटे पडायला नगंत. त्यानंतर काय अब्बा दुकानात आले न्हाईत."

तेव्हा मी मान वर करून भिंतीकडे बघितलं. तळं, वाट, खडक, कागदाची कड आणि पुढे खडूचं कुंपण.

"मी गाडीतून उतरलोच नव्हतो," मी मोठ्यानं म्हणालो. सात वर्षांत पहिल्यांदा.

"कुठनं?" बाकावरच्या आजोबांनी विचारलं. त्यांना काय सांगणार? ज्यांना सांगायचं होतं ते नव्हते. आसिफनं मान खाली घालून मशीन सुरू केलं.

घराचं दार निळं होतं. आधीचा लाल रंग पुसलेला नव्हता, वरूनच निळा खडू फिरवला होता आणि दाराच्या चारही कडांनी लाल तसाच दिसत होता.