नैरोबी ते सांडोर, साडेनऊ तास

आमच्या सांडोरच्या घरात हिशेबी माणूस म्हणजे मी. शाळामास्तर असल्यामुळे घरच्यांना तसं वाटे, आणि त्यांचा गैरसमज दूर करावा इतका मी प्रामाणिक नव्हतो.

स्वातंत्र्य येऊन पाचसहा वर्षं झाली होती. आई अंथरुणाला खिळली होती आणि थोरला भाऊ नैरोबीत नोकरीला. त्याची तार आली, ‘उद्या सकाळी विमानाने निघतो.’ मी शाळेतला नकाशा आणला, भाजीच्या जुड्या बांधायचं केळीचं सोपट घेतलं, एक टोक नैरोबीवर, दुसरं मुंबईवर धरलं. साडेअठ्ठावीसशे मैल. ताशी तीनशेनं साडेनऊ तास. विमान वाटेत उतरतं, मुक्काम करतं, हे सोपटाला कुठून ठाऊक? तिथली सकाळ आपल्यानंतर होते, हेही विसरलो. मुलांना मात्र दरवर्षी शिकवत होतो.

काका म्हणाले, “मास्तर, इमान हाय का बैल? दोरीनं मोजतोस ते!”

“दिवेलागणीला दादा दारात,” मी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर शेवटचं तेल द्यायला आले, मरणाऱ्याच्या कपाळाला श्वास चालू असतानाच लावायचं ते. आमच्याकडे सगळी मुलं खाटेभोवती असली की आईबाप तेल घेतात. बहीण म्हणाली, “आय, आता घे गं. दादा नंतर भेटेल.”

“नको. त्याला वाटंल, मी थांबले नाय.” मग माझ्याकडे वळून, “संध्याकाळी नक्की येतो ना रे?”

“नक्की.”

मीच फादरना फाटकापर्यंत पोचवलं आणि संध्याकाळी यायला सांगितलं.

दुपारभर ती विचारत होती. “कुठवर आला?”

“समुद्रावर असेल.”

“एवढ्या पान्यावर? मग सावकाश येऊ दे.”

तीनच्या सुमाराला तिचा श्वास बदलला. मी सायकल काढून चर्चकडे धावलो. फादर दुसऱ्या गावी आजाऱ्याकडे गेले होते. तिथून त्यांना घेऊन आलो तेव्हा बहिणीनं आईचे डोळे मिटले होते. फादरनी तेल लावलं, प्रार्थना म्हटली. बहिणीनं विचारलं, “हे पोचतं का हो, फादर?” ते म्हणाले, “देव दयाळू आहे.” हो म्हणाले नाहीत.

दादा आला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, माती होऊन गेल्यावर. एडनला एक रात्र काढली, कराचीत चार तास बसून राहिलो, असं सांगत होता. मग अंगणातच बॅग टेकवून त्यानं विचारलं, “जाण्याआधी तेल तरी मिळालं ना तिला?”

बहीण माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, “दादा, विमानात जेवायला देतात का?”

तो म्हणाला, “देतात.” आणि काय काय देतात तेही त्यानं सांगितलं, पावाच्या तुकड्यापासून. मी ते सगळं नीट ऐकून घेतलं.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. बारा वर्षं झाली, मीही सांगितलेलं नाही.