माफीची तपासणी

धरमपेठेतले भैय्याजी निवृत्त झाले आणि फुकटात साहेब झाले. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे ते तपासनीस. लोकांचं वाचन ऐकायचं आणि चुका काढायच्या. असं सुख त्यांना नोकरीतही मिळालं नव्हतं.

ग्रुपचा नियमही त्यांचाच: चूक खाजगीत सांगायची, कौतुक चारचौघांत. कारण एकदा कोणीतरी सगळ्यांदेखत लिहिलं होतं की भैय्याजींच्या धड्यात ढेकर ऐकू येतो. त्यावर हे कितीतरी दिवस रुसून बसले होते.

तरी जीभ सुटलीच. वाडीच्या पुष्पलताबाई इतिहासाचं पुस्तक वाचत होत्या. गोदामांच्या मधोमध भाड्याची खोली, मे महिना, आवाज नको म्हणून कूलर बंद. तरी मागे येणाऱ्या ट्रकचा आवाज धड्यात शिरलाच. भैय्याजींनी ग्रुपवर लिहिलं, ‘बाई, धडा वाचून राहिल्या का ट्रक मागे घेऊन राहिल्या?’ हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. भैय्याजी खूश. संध्याकाळी बाई ग्रुप सोडून गेल्या.

मग हेच पुस्तक ऐकून अभ्यास करणाऱ्या कळमेश्वरच्या अंध दीक्षाचा फोन. “काका, अर्धंच पुस्तक झालं. माझी बी.ए.ची परीक्षा आली. बाकीचं कोण वाचते आता?”

भैय्याजींनी माफी टाइप केली: ‘कोणाचं मन दुखावलं असल्यास...’ बायकोनं, इंदूबाईंनी, खांद्यावरून वाचलं.

“असल्यास काहून? दुखावलंच ना.”

“साहेबी भाषा आहे वं ती.”

“मंग साहेबालेच पाठवा. बाईले बोलून सांगा, तिच्यासारखा कूलर बंद करून.”

कूलर बंद झाला. बघता बघता साहेबांचं भजं झालं. ते बोलले, “पुष्पलताबाई, मी चुकलो. ढेकर देणाऱ्यानं ट्रकला नावं ठेवू नयेत.” रेकॉर्डिंग ग्रुपवर गेलं, बाईंनाही वेगळं गेलं.

उत्तर आलं, फक्त त्यांनाच: ‘भैय्याजी, “मी चुकलो”वर नेमका भंगारवाला ओरडून राहिला. शब्द ऐकू येत नाही. पुन्हा रेकॉर्ड करा.’

पाहा, नियम बाईंनीच पाळला. भैय्याजींना मात्र ही गंमत एकट्यानं पचेना. त्यांनी ती स्वतःच ग्रुपवर टाकली. मग खिडकी लावली आणि पुन्हा कूलरकडे वळले.

“आता काय?” पदरानं वारा घेत इंदूबाईंनी विचारलं.

“माफीत नापास झालो वं. पुन्हा बसतो.”

दुसऱ्या खेपेला पास झाले. बाई परतल्या, पुढचा धडा आला. धड्याच्या शेवटी एक ट्रक होताच. भैय्याजींनी ग्रुपवर लिहिलं, ‘वाचन उत्तम.’ ट्रकचं खाजगीत लिहायला घेतलं, तेव्हा इंदूबाईंनी नुसतं कूलरच्या बटणाकडे पाहिलं.

भैय्याजींनी लिहिलेलं पुसून टाकलं.