देव्हाऱ्यावरचा कॅमेरा

मी परदेशी निघालो त्या सकाळी बाबांनी देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो लेकरू परमुलखात जाता हा, तेची वाट सुखाची कर रे म्हाराजा!" आई, काका, शेजारचे दाजी, सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" सवयीने मीही म्हणालो.

आता मी युरोपातल्या एका विद्यापीठात माणसं, संस्था आणि तंत्रज्ञान यांच्या परस्परसंबंधांवर संशोधन करतो. विषयाचं नाव लांब असलं की अनुदान बरं मिळतं. बाबा ते दाजींना सोपं करून सांगत, "मानसां यंत्रांवांगडा कशी वागतत, ता बघता." दाजी विचारत, "आणि तेचो पगार देतत?"

आई गेल्यावर तारकर्लीच्या घरात बाबा एकटे उरले, म्हणून दोन्हीकडून बोलता येईल असा कॅमेरा बसवला. वायरमनने तो देव्हाऱ्यावर लावला, कारण प्लग तिथेच होता, देवाच्या लाल बल्बचा. तुमचं घर भाषणात दाखवू का, असं मी बाबांना विचारलं होतं. "कधीय दाखय. माका कसली लाज?"

गेल्या महिन्यात ते भाषण झालं. माझा मुद्दा असा, की घरातला कॅमेरा माणूस लवकरच विसरतो. पुरावा म्हणून मी घर थेट पडद्यावर आणलं.

बाबा हात जोडून उभे होते, तोंड आमच्याकडे. "बा देवा म्हाराजा, हल्ली छातीत दुखता, चलताना दम लागता. ह्यां माज्या झिलाच्या कानार जाव नको रे म्हाराजा!"

आणि ते थांबले. होकार भरायला घरात कुणीच नव्हतं.

"व्हय म्हाराजा," माझ्या तोंडून गेलं. माईक चालू होता.

बाबा दचकून मागे सरले. "कोण ता?"

"बाबा, मी."

"मेल्या, देवाक सांगलेला चोरून आयकतंस?"

मालवणी कुणालाच येत नव्हती. विभागप्रमुख म्हणाले, पुरावा फारच बोलका आहे. टाळ्या पडल्या.

मिळेल त्या विमानाने घरी आलो. बाबांच्या हृदयात स्प्रिंग बसली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

घर म्हणजे काय, असं तिकडे कुणी विचारलं की मी माड आणि समुद्र सांगायचो. पर्यटन खात्यालाही तेच सुचतं. आता वाटतं, गाऱ्हाणं घालून बाबा थांबतात, तेवढी जागा म्हणजे घर.

काल त्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. "ह्येका आता बेगीन परत धाड रे म्हाराजा, कामधंदो बुडता ह्येचो!"

मी शेजारीच उभा होतो. या वेळी "व्हय म्हाराजा" म्हणालो नाही.