बाहीवरचा बिल्ला

राजुऱ्यात माझं शिलाईचं दुकान आहे. खाकी कपड्यांवर माझा हात बसलेला. गिऱ्हाईक आत आलं की मी आधी त्याची बाही बघतो, मग तोंड. बाहीवर बिल्ला नसेल तर बसायला खुर्ची देत नाही. स्वभावच तसा, खोटं कशाला सांगू?

जवळच्या खेड्यातला एक मजूर असाच कोऱ्या बाहीचा होता. जंगलात रोजंदारीवर वणवे विझवण्यात त्याचा जन्म गेलेला. एक दिवस खाकी शर्ट घेऊन आला.

"मास्तर, याले वनरक्षकाचा बिल्ला लावून द्या ना. रविवारी पोरीचं साक्षगंध आहे. पोराकडच्याईले मी पर्मनंट आहो म्हणून सांगतलं."

ओळखपत्र पाहिल्याशिवाय मी बिल्ला शिवत नाही. पण तो हात जोडून उभा राहिला, ते मला आवडलं. शिवून दिला.

दुसऱ्या दिवशी एक खरा वनरक्षक पँट आखूड करायला आला. त्याला खूश करायला मी सगळी गंमत सांगून टाकली, गावाच्या नावासकट. तो हसला नाही.

रविवारी त्याने मला मोटरसायकलवर मागे बसवलं. "कैची घ्या," एवढंच म्हणाला.

साखरपुड्याच्या मांडवात पोरगी नव्या साडीत पाटावर बसली होती. कुंकू लागायचं होतं. वनरक्षक सरळ बापासमोर जाऊन उभा राहिला.

"काऊन रे, तू कधीपासून वनरक्षक झाला?" मग माझ्याकडे वळला. "मास्तर, काढा तो बिल्ला."

नाही म्हणता आलं असतं. पण त्याच्या साहेबांचे कपडे माझ्याकडेच येतात, हेच डोक्यात आलं. मी कैची काढली.

बापाने दंड पुढे केला आणि हळूच म्हणाला, "जरा थांबा मास्तर. पोरीले आत जाऊ द्या."

मी थांबलो नाही. टाके माझेच होते, भराभर सुटले. बिल्ला वनरक्षकाच्या हातात पडेपर्यंत पाहुणे चपला शोधायला लागले होते. पोरगी पाटावरून उठली नव्हती.

बापाने मला आईवरून शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "जेवून जा मास्तर. सैपाक झाला आहे."

वनरक्षक पंगतीला बसला. मग मीही बसलो.