साडभाऊंचे चोवीस व्होल्ट

मार्चमधला दुसरा शनिवार, अंदाज तीन हजार आठशे वीस रुपयांचा, आणि चंद्रपुरातल्या विजेच्या दुकानात हजर तिघे: मी, दुकानदार आणि आमचे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान. दुकानदाराचा अंत पाहण्यासाठीच काही माणसे जन्माला येतात असे माझे मत आहे, आणि साडभाऊ त्यांचे पुढारी.

ते सिमेंट कारखान्यात तीस वर्षे वायरमन होते. उघडी तार दिसली की त्यांना दुसरे काही दिसत नाही. पुतणीच्या लग्नात नवरा-नवरी समोर उभे, पाहुण्यांच्या हातात फुले, आणि हे मंडपवाल्याला म्हणाले, "पयले तो जोड गुंडाळ, मंग लग्न लावू." सगळे थांबले. जोड गुंडाळला गेला, मग लग्न लागले.

त्या शनिवारी घ्यायचे होते कोरपन्याला आमच्या घरामागच्या विहिरीवरील पंपाचे सामान. नोव्हेंबरात माझ्या आईने, वय अठ्ठ्याहत्तर, ओल्या हाताने पंप सुरू केला आणि झटका बसून ती पडली. तेव्हापासून आम्ही तिला पंपाजवळ जाऊ दिले नाही. तिने विहिरीभोवतीच्या वाडीत जाणेच सोडले. लिंबाची तीन झाडे तिने लावलेली. दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची.

साडभाऊंनी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोटरचे अँपिअर मोजून आकडे मनगटावर लिहिले होते. त्यावरून मोटरवर जास्त भार आला की ती बंद करणारा रिले ठरला. तिथवर मी खूश होतो, कारण आकडे मलाही कळतात. मग त्यांनी मोटरची वीज जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्टर मागवले, एकेकाला वीज देऊन कानाशी धरले. "हा घरघरते," म्हणत चार परत केले. हे सगळे ज्यात बसणार त्या पेटीच्या भोकातून पालीचे पिल्लू जाऊन मरू नये म्हणून प्रत्येक भोकात करंगळी घालून पाहिली. शेवटी म्हणाले, "कॉइल चोवीस व्होल्टची दे. सोबत ट्रान्सफॉर्मर."

"भाऊ, घरच्या पंपाले एवढं कोनी लावत नाई," दुकानदार म्हणाला.

"घरच्या पंपाले घरचंच मानूस हात लावते."

बटन दाबले की ही कॉइल कॉन्टॅक्टर ओढते; हेतू असा की पंपाची वीज पेटीतच राहावी, बटनापर्यंत फक्त चोवीस व्होल्ट यावेत. मी बेरीज केली: सहाशे चाळीस जास्त. म्हणालो, "हात पुसून बटन दाबायचं, असं आईले सांगू ना."

"बाईनं जनमभरात कधी हात पुसून काम केलं काय? तुमी बटनाचा हिशोब करून राह्यले, मी हाताचा करून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी पेटी बसली. साडभाऊंनी आधी स्वतःच्या हातावर तांब्याभर पाणी ओतून बटन दाबले, मग बाजूला झाले. आईने दाबले. पाणी आले.

"एवढंच?" ती म्हणाली. "यासाठी मले चार महिने बसवून ठेवलं?"

पेटीत गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकरही होता. त्याचे तपासणीचे बटन दर महिन्याच्या एक तारखेला साडभाऊ बसने येऊन स्वतः दाबत, 'ठक्' ऐकत आणि मगच चहा घेत. दुसऱ्या कुणाच्या कानावर त्यांचा विश्वास नव्हता. गेल्या वर्षी ते लेकीकडे सिरोंच्याला राहायला गेले. आता एक तारखेला मी बटन दाबतो आणि आई मोबाइल पेटीजवळ धरते. पलीकडून जरा वेळाने आवाज येतो, "बराबर आहे. चाय घ्या आता."

दुकानदाराला शेवटी चार हजार चारशे साठ दिले. साडभाऊंनी मजुरी घेतली नाही; महिन्याला आईच्या हातची बारा लिंबे तेवढी न्यायचे. आता पाठवतो म्हटले तर "घ्याले मीच येतो" म्हणतात. आई दर एक तारखेला बारा मोजून वेगळी ठेवते, आणि शेवटची बस गेली की शेजारी देऊन येते.