रिकाम्या गाडीचे बसलेले पाटे

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर एकाच हेतूने वाचत आले – खोट काढायला. माझे वडील, आप्पा, गावोगाव अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचे. सुट्टीच्या दिवशी आमचं अख्खं घर पत्रकांच्या घड्या घालत बसायचं. ‘अंगात येणे म्हणजे काय?’ या पत्रकावर मी वाचायला शिकले. त्यामुळे भूत, बाधा, करणी यांवर माझा विश्वास नव्हता एवढं म्हणणं कमी पडेल... मला त्यांचा राग होता. अजूनही आहे. हे लिहितेय तेही रागानेच.

आधी गाडीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

राहात्याला आमचा पेरूचा धंदा आहे. मी आणि चुलतभाऊ सुनीलदादा, आम्ही मिळून एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. मोठी, मागून पूर्ण बंद, आत मी ताठ उभी राहू शकते एवढी उंच. चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, पाच गिअर, माल दीड टनाच्या आत, वेग ऐंशीला बांधलेला – त्यापुढे कितीही दाबा, ढिम्म. मागच्या चाकांवर स्प्रिंगचे लोखंडी पाटे आहेत. गाडीचा सगळा स्वभाव त्या पाट्यांत. रिकामी असली की महा खोडकर. खड्डा आला की मागून उडी मारते, क्रेट नाचतात, कंबर मोडते. माल भरला की शहाणी होते. पाटे बसतात, उड्या थांबतात, ब्रेक जरा आधी दाबावा लागतो, चढाला एक गिअर खाली यावं लागतं. गाडी भरलेली आहे की रिकामी, हे मला सीटवर बसल्या बसल्या कळतं. दादा आणि मी आळीपाळीने चालवतो, पण पाथर्डीची फेरी माझी.

सकाळी पाथर्डीच्या बाजारात पेरू उतरवायचे, रिकामे क्रेट घेऊन नगरला यायचं (कागदावर आता अहिल्यानगर, आमच्या तोंडात नगरच), तिथून ठिबकचे पाईप भरून राहाता. म्हणजे पाथर्डी ते नगर गाडी रिकामी. वाटेत करंजीचा घाट.

गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी, करंजी गाव मागे पडलं, चढ लागला आणि गाडी शहाणी झाली.

उड्या थांबल्या. क्रेट गप्प. तिसऱ्यात दम खायला लागली म्हणून दुसऱ्यात घेतली. मला वाटलं ब्रेक चिकटले. घाट संपल्यावर कडेला घेतली, चाकांना हात लावून पाहिला – गार. मग वाकून पाहिलं तर मागचे पाटे बसलेले, पूर्ण माल भरल्यासारखे. दार उघडलं. आत फक्त रिकामे क्रेट.

आणि मी दाराशी उभी असताना गाडी वर उठायला लागली. एकदम नाही... एक हेलकावा, जरा थांबून दुसरा, मग आणखी. मधेच एखादा अगदी हलका. प्रवाशांनी भरलेली जीप स्टँडवर थांबली की माणसं उतरतील तशी कशी उठत जाते? तशी. शेवटी पाटे सरळ झाले. पुढे नगरपर्यंत क्रेट नेहमीसारखे नाचत आले.

पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्याही.

राहात्याच्या मेकॅनिकने गाडी उचलून पाटे, बुश, ब्रेक सगळं पाहिलं. “ताई, काय बी दोष न्हाई. गाभन हाय तुमची गाडी. डोहाळे पुरवा.” गॅरेजमधली सगळी हसली. मीही हसले.

आप्पा हसले नाहीत. “काट्यावर चढव,” म्हणाले. “वजन असेल तर काटा दाखवेल. नसेल तर तुझ्या डोक्यात आहे.”

म्हणून पुढच्या फेरीला मी घाटानंतर दार न उघडता गाडी तशीच नगरजवळच्या वजनकाट्यावर नेली. काटेवाल्याने खिडकीतून चिठ्ठी पुढे केली. “रिकामी हाय की ओ. रिकाम्या गाडीचं कशाला वजन करता?” मी त्याला खाली बोलावलं, पाटे दाखवले. त्याने वाकून पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं. “आयला,” एवढंच म्हणाला आणि पैसे न घेता आत जाऊन बसला. गाडीत वजन नव्हतं, आणि गाडी वजनाखाली वाकलेली होती. हे माझ्या डोक्यात असेल तर त्याच्याही होतं.

आत काही दडवलेलं आहे का, हे बघायला मी भिंतींचं प्लायवूड काढलं. मागे पत्र्यात भोकं होती. लिंपण भरून, वरून रंग मारून बुजवलेली. सगळी खालच्या बाजूला, माणूस जमिनीवर बसला की त्याचं तोंड जिथे येईल त्या उंचीला. पत्र्याच्या कडा बाहेर वळलेल्या. म्हणजे भोकं आतून पाडली होती. रुंद, चपट्या कशानेतरी. कोयत्याच्या टोकाने पाडावीत तशी.

गाडी विकणाऱ्याला फोन लावला. “ऊसतोडीच्या टोळ्या न्यायचो सीझनला,” तो म्हणाला. “काय झालं बिलं न्हाई हां. गाडी एक नंबर हाय.” मी काही झालं का असं विचारलंच नव्हतं. पुढचं विचारलं तर फोन कट. नंतर लागलाच नाही.

दादाने गाडीला लिंबूमिरची बांधली. मी तोडून फेकली. “तुला काय आप्पांची पत्रकं बांधू का गाडीला?” तो ओरडला. आमचं चांगलंच वाजलं.

आणि याच दादाने, या हंगामाच्या सुरुवातीला, मला न विचारता भाडं घेतलं. पाथर्डीकडच्या एका गावातून, करंजीच्या घाटानेच, श्रीगोंद्याला साखर कारखान्यावर. सामान आहे म्हणाला. आम्ही दोघं सकाळी तिथे पोचलो तर सामानाबरोबर टोळी उभी. बायका, पोरं, म्हातारे, कोयते, पातेली, पिंजऱ्यात कोंबड्या. आणि मुकादम, जो टोळी जमवतो आणि कारखान्यावर पोचवतो. तो हाताने खुणा करत होता – आधी बायका, पोरं मांडीवर.

मी दारात आडवी उभी राहिले. सांगितलं की मालाच्या गाडीत माणसं न्यायला बंदी आहे. आत खिडकी नाही, वारा नाही. दार बाहेरून लागतं, आत कुणी गुदमरलं तर पुढे ड्रायव्हरला हाकही ऐकू येत नाही. कारखान्याच्या साखरेच्या पोत्याला याहून जास्त काळजीने नेतात, हेही सांगितलं. आवाज चढला होता माझा.

मुकादम शांतपणे तंबाखू मळत होता. “ताई, भाषण झालं आसंल तर बाजूला व्हा.”

टोळी हसली. टोळीच हसली, हे मला अजून टोचतं.

रखमा नावाची एक बाई होती, माझ्याच वयाची, कडेवर काही महिन्यांची मुलगी. ती म्हणाली, “बाई, मागल्या साली उघड्या टरकात गेल्तो. गार वाऱ्यानं लेकरू आजारी पडलं, ते वाचलंच न्हाई. बंद गाडीच बरी. तुमी मोटारीत काचा वर करूनच बसता ना?”

माझ्याजवळ पत्रक होतं, तिच्याजवळ गेलेलं लेकरू होतं. ती माझ्या हाताखालून वाकून आत चढली. मागोमाग बाकीच्या.

तेवढ्यात दादाचा धीर सुटला. “आरं उतरा!” तो ओरडला. “ह्या गाडीत त्रास हाय! घाटात कोण बसतंय, कोण उतरतंय, कळत न्हाई!”

गाडी क्षणात रिकामी झाली. रखमाने पोरीची दृष्ट तिथेच कडाकडा बोटं मोडून काढली. कायदा सांगून, हवा सांगून जे झालं नाही, ते एका वाक्यात झालं. मला आनंद व्हायला हवा होता.

मुकादमाने शिव्या घालत फोन फिरवला. थोड्या वेळात दुसरी व्हॅन आली. तशीच बंद, तशीच उंच. मी आत डोकावले – भोकसुद्धा नाही. “ही चांगली हाय,” म्हणत सगळे चढले. मी पाटे बसताना पाहिले. एक हेलकावा, दुसरा... मधेच एक हलका, पोराचा. मी ओळखीचं काहीतरी उलट्या क्रमाने बघत होते.

ड्रायव्हरने दाराला हात घातला, आणि आप्पांची मुलगी, म्हणजे मी, मोठ्याने बोलले:

“त्रास आमच्या गाडीत नाही. करंजीच्या घाटात आहे. दार लावलेल्या गाडीत बसतात ते. दार उघडं असलं की उतरून जातात.”

मुकादमाचा हात तंबाखूवरच थांबला. “शपथ घ्या.”

मी आप्पांची शपथ घेतली.

त्याने स्वतः मागच्या दाराची एक झडप उघडी ठेवून दोरखंडाने बांधली, पोरं पडू नयेत म्हणून आडवी फळी ठोकली, दाराशी दोन गडी बसवले. फटीतून रखमाची मुलगी शाल गुंडाळून माझ्याकडे बघत होती. गाडी गेली. संध्याकाळी मुकादमाने दादाला फोन करून सांगितलं – सगळे सुखरूप पोचले.

आप्पांना मी सगळं सांगितलं, शपथेसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पोरगी पोचली ना? मग राहू दे.” त्यानंतर त्यांनी हा विषय काढलेला नाही.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण परवा घाटात मला एक नवा दगड दिसला. शेंदूर फासलेला, पुढे नारळाच्या करवंट्या. एक बंद व्हॅन उभी होती, आतून बोलण्याचा आवाज येत होता. ड्रायव्हरने नारळ फोडला, हात जोडले. मग मागे जाऊन, मी बघत असताना, दाराचा कडी-कोयंडा नीट लावला.

“दार उघडं ठेवा ना,” मी म्हणाले.

“आता गरज न्हाई ताई. नारळ दिला की त्रास होत न्हाई.”

माझी गाडी त्या दिवशीही घाटात जड झाली. आजही होते. काटा रिकामी म्हणतो, पाटे भरलेली म्हणतात, आणि यातलं खोटं कोण हे मला सांगता येत नाही. घाट संपला की मी गाडी कडेला घेते, दार सताड उघडते आणि शेवटचा हलका हेलकावा होईपर्यंत बाजूला उभी राहते.